जुनं नाणं हाती आलं, आता काय करायचं? सातारा-सांगलीतल्या नवख्या संग्राहकांसाठी

सातारा-सांगलीकडे जुनं नाणं नाही असं घर विरळाच. देव्हाऱ्यात टाकाबरोबर एखादी शिवराई पुजलेली असते, आजीच्या डब्यात राणीछाप रुपये असतात, आणि जुनी पेटी आवरायला काढली की भोकाचे पैसे, चवल्या, पावल्या खाली घरंगळतात. नाणं दिसल्याबरोबर घरातलं कुणीतरी विचारतं, "याचे किती येतील?" गडबड इथेच होते, कारण हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी नाणं जपायचं, मग ओळखायचं, मग ते अस्सल आहे का हे तपासायचं आणि मगच किंमतीकडे वळायचं. हा क्रम उलटा झाल्याने चांगली नाणी मातीमोल झालेली मी याच भागात पाहिली आहेत. ही सगळी वाट मी स्वतः चाललो आहे, म्हणून ती क्रमवार लिहितो.

जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर (साधा, प्लॅस्टिकचाही चालेल)
- लोहचुंबक, सुती दोरा, पाण्याची वाटी
- पीव्हीसी नसलेली नाण्यांची पाकिटं
- एक वही. मोबाइलवर फोटो काढाच, पण वही वेगळी ठेवा

हे सगळं दीड-दोन हजार रुपयांत जमतं. नाणी विकत घ्यायला लागण्याआधी एवढा खर्च करा.

१. सगळ्यात आधी: घासू नका

आपल्याकडे दसरा-दिवाळीला देव उजळायला काढतात, आणि त्यांच्याबरोबर नाण्यांनाही चिंच लागते. तांब्यावर दोन-तीनशे वर्षांत जो तपकिरी, काळपट किंवा गर्द हिरवा थर बसतो, तो मळ नव्हे. तो धातूचाच झालेला असतो आणि आतल्या धातूला जपतो. संग्राहक त्याला पॅटिना म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात.

घासलेली शिवराई भिंगाखाली धरून बघा. सगळीकडे एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. रंग नव्या भांड्याच्या बुडासारखा गुलाबी झालेला असतो. 'श्री'च्या वेलांटीची धार गेलेली असते आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळं तसंच अडकून राहिलेलं असतं. असं नाणं जाणकार क्षणात ओळखतो आणि परत ठेवतो.

चांदीच्या रुपयाला टूथपेस्ट, राख, सोडा, सराफाकडचं ॲसिड यातलं काहीही लावू नका. फारच माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा आणि सुती कापडावर आपोआप सुकू द्या. कुंकू-तेलाचा थर तसाच राहिला तरी बिघडत नाही. काळजी एकाच गोष्टीची करायची. तांब्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येत असेल आणि ती पसरत असेल, तर तो धातूचा रोग आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा.

नाणं नेहमी कडेने धरा. बोटांचा घाम चांदीवर कायमचा ठसा ठेवतो.

२. शोधायचं कुठे

पहिला शोध घरात आणि भावकीत. मामाकडे, आत्याकडे, गावच्या जुन्या वाड्यात नुसती विचारपूस केली तरी बरंच पुढे येतं. मात्र देव्हाऱ्यातलं नाणं मागू नका. ते देवाचं आहे. फोटो आणि वजन घ्या, एवढं पुरे.

दुसरी जागा सराफाची पेढी. सांगलीचा सराफ कट्टा असो की साताऱ्याच्या पेठांतली दुकानं, लोक जुने रुपये चांदीच्या मोडीत घालतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी तर देशभर पसरली आहेत. मोड वितळवून धातू शुद्ध करणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. किती दुर्मीळ नाणी मुशीत गेली असतील याचा विचार केला की पोटात कालवतं. ओळखीच्या सराफाला सांगून ठेवा: "मोडीत जुना रुपया आला तर वितळवायच्या आधी मला दाखवा, मोडीपेक्षा वर देईन." चार वेळा शब्द पाळलात की पाचव्या वेळी तो स्वतः फोन करतो.

तांब्या-पितळेची मोड घेणारे, भंगारवाले, जत्रेत जुन्या वस्तू मांडून बसणारे ही तिसरी जागा. उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की माहुली, वाई, कराडच्या घाटांखाली वाळू चाळणाऱ्यांनाही नाणी मिळतात. ती बहुधा पाण्याने झिजलेली, खड्डे पडलेली असतात. ओळखायला शिकायला उत्तम, किमतीला बेताची.

गडकिल्ल्यांवर आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात मेटल डिटेक्टर घेऊन उकरू नका. तो गुन्हा आहे, आणि गडाच्या पोटातला इतिहासही त्याने कायमचा विस्कटतो.

३. नाणं ओळखा

धातू आणि लिपी या दोनच गोष्टी आधी बघा. निम्मं काम तिथेच होतं.

तांबं आणि देवनागरी अक्षरं असतील तर बहुधा शिवराई. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाचं नाणं चालू झालं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांची कड. महाराजांनंतरही याच नावाने शिवराई पाडली जात राहिली, पेशवाईत तर अमाप. म्हणून 'श्री राजा शिव' वाचता आलं की ते थेट महाराजांच्या काळातलं, असं धरू नका. सुरुवातीच्या शिवराया बऱ्याचदा ११ ते १३ ग्रॅमच्या, अक्षरं घोटीव. नंतरच्या त्याहून हलक्या, आणि त्यांच्यावर दोन आडव्या रेघा असतात. तिला दुदांडी म्हणतात. आपल्याकडे निघतात त्या बहुतेक दुदांडीच, आणि साधी दुदांडी काही शे रुपयांत मिळते. 'श्री राजा शंभु' असं वाचता आलं तर मात्र थांबा. संभाजी महाराजांचं नाणं फार कमी सापडतं.

दुदांडीवर चंद्र, सूर्य, तारा, पान अशी बारीक चिन्हंही असतात. अक्षरांच्या नादात ती सुटतात, पण वेगळेपण बऱ्याचदा तिथेच असतं. 'शिव', 'शीव', 'सिव' असे लेखनाचे प्रकारही टिपून ठेवा.

चांदी आणि फारसी अक्षरं दिसली की लोक "मोगलांचं" म्हणून मोकळे होतात. तसं नाही. मराठ्यांच्या टांकसाळींतही रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडायचा, कारण बाजारात तोच चालायचा. पुण्याच्या रुपयावर अंकुशाचं चिन्ह असतं, म्हणून तो अंकुशी. मिरजेच्या टांकसाळीचं नाव नाण्यावर 'मुर्तजाबाद' असं येतं. सांगलीकरांनी हे नाव लक्षात ठेवायलाच हवं. घरात पडलेला 'मोगल' रुपया शेजारच्या मिरजेचा निघू शकतो.

फारसी येत नसलं तरी आकडे शिका. ते दहाच आहेत, एका संध्याकाळी येतात. हिजरी सन मिळाला की त्यातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. म्हणजे हिजरी ११७५ मधून ३५ गेले, ११४० राहिले, अधिक ६२२, झाले १७६२. एखाद्या वर्षाचा फरक पडतो. अंकुशी रुपयावर फसली (महसुली) सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो.

आदिलशाहीची तांब्याची नाणी या भागात पुष्कळ निघतात, कारण मिरज-सातारा हा मुलूख विजापूरकरांकडे होता. याच काळातली लारी मात्र नाण्यासारखी दिसतच नाही. चांदीची तार दुमडून तिच्यावर छाप मारलेला असतो. तुटका दागिना समजून ती मोडीत जाते. घरात दुमडलेली, अक्षरं उमटलेली चांदीची तार दिसली तर जपून ठेवा.

शिसं किंवा काळपट मिश्रधातू, आणि हत्ती, धनुष्यबाण अशी चित्रं दिसली तर आपण सातवाहनांच्या काळात गेलो. कऱ्हाड म्हणजे जुनं करहाटक, आणि शेजारच्या कोल्हापुरात कुर राजांची धनुष्यबाणाची नाणी सापडली आहेत. अशी नाणी स्वतः वाचायच्या भानगडीत पडू नका, जाणकार गाठा.

इंग्रजी अक्षरं असलेली नाणी सर्वात सोपी. १८३५ पासून कंपनी सरकारचा एकसारखा रुपया आला, १८६२ पासून राणीच्या सरकारचा, आणि १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' लिहिलं जाऊ लागलं.

स्वातंत्र्यानंतरची नाणी १९५० पासून. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत येऊन 'नये पैसे' सुरू झाले. या नाण्यांवर सनाखाली टांकसाळीची खूण बघा: मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट किंवा ठिपका, हैदराबादची चांदणी, नोएडाचा बारीक गोल ठिपका, आणि खूण नसेल तर कोलकाता.

४. अस्सल की नक्कल

कंपनीच्या आणि ब्रिटिश काळातल्या रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के. झिजून दहा-वीस सेंटिग्रॅम कमी भरेल, पण १० ग्रॅम भरला तर संशय घ्या. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया चक्क निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो आणि तरीही खरा असतो. त्याआधीचा रुपया चिकटला तर तो खोटा.

आता घरच्या घरी होणारी तपासणी. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. चांगल्या चांदीच्या रुपयाला उत्तर १०.३ च्या आसपास येतं. ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला काटा साधारण १.१३ दाखवतो. १.३० दाखवला तर तो जर्मन सिल्व्हरसारखा दुसराच धातू. यात नाण्याला ओरखडाही पडत नाही, म्हणून कसोटीच्या दगडापेक्षा मला हीच रीत पसंत आहे.

नंतर कड बघा. ओतून केलेल्या नकलेच्या कडेला जोडाची रेघ असते आणि पृष्ठभागावर बारीक फोड किंवा छिद्रं. ठोकून पाडलेल्या नाण्याची अक्षरं धारदार, ओतलेल्याची साबण विरघळल्यासारखी.

५. किंमत कशावर ठरते

वयावर नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी फसवणूक टळते. अठराशे-दोन हजार वर्षं जुनं, झिजलेलं सातवाहनांचं नाणं थोड्या पैशांत मिळतं, आणि १९३९ चा जॉर्ज सहावा रुपया संग्राहक जीव टाकून शोधतात, कारण त्या सालचे रुपये अगदी थोडे मिळतात. भाव इतका असल्यामुळे सनातला शेवटचा ९ भिंगाखाली नीट पाहिल्याशिवाय असा रुपया घेऊ नये.

किती उरली. किती पाडली यापेक्षा किती उरली हे महत्त्वाचं. १९११ च्या जॉर्ज पाचव्याच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, तयार नाण्यांतली बहुतेक वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून आला. म्हणून १९११ चा रुपया पुढच्या वर्षांच्या रुपयांपेक्षा महाग. तरी बाहेर पडलेल्या नाण्यांची संख्या लाखांत होती, त्यामुळे तो मिळतच नाही असंही नाही. उलट १८६२ चा रुपया बघा. पुढची कित्येक वर्षं रुपयावर १८६२ हेच साल घातलं जात होतं. त्यामुळे नुसत्या '१८६२'ला फार अर्थ नाही. ठिपक्यांची संख्या आणि जागा यावरून त्याचे प्रकार पडतात, आणि त्यातले काही खरोखर दुर्मीळ आहेत.

किती जणांना हवं. शिवराया पुष्कळ आहेत, पण महाराजांचं नाव असल्याने मागणीही तशीच. एखादं नाणं जगात दहाच असेल आणि कुणी विचारतच नसेल, तर भाव येत नाही.

अवस्था. एकाच सालाचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये शेजारी ठेवले तर एक चांदीच्या भावात जातो आणि दुसरा त्याच्या दहापट आणतो. फरक झिजेचा. राणीच्या रुपयावर कानावरचे केस, जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि झगा, म्हणजे जे भाग उंच ते आधी झिजतात. तिथली बारीक रेघ दिसत असेल तर नाणं कमी वापरलेलं. बाजारात 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रा फाइन' आणि अजिबात न वापरलेल्याला 'यूएनसी' म्हणतात. नवखा माणूस आपल्या नाण्याला नेहमी एक पायरी वर धरतो आणि व्यापारी एक पायरी खाली. दोन्ही ध्यानात ठेवा.

हाताने ठोकलेल्या शिवराईला दुसरा निकष लागतो. ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून अर्धी अक्षरं बाहेर जायची. 'श्री राजा शिव' पूर्ण, ठिपक्यांच्या कडेसकट बसलेली शिवराई तोडक्या अक्षरांच्या शिवराईपेक्षा कितीतरी वर जाते.

कडी आणि भोक. पुतळ्यांच्या माळेसारखी रुपयांची माळ करायची आपल्याकडे रीत होती. कडी डागलेला किंवा भोक पाडलेला रुपया निम्म्याहून खाली येतो. कडी काढून घेतली तरी डाग दिसतोच.

धातूची किंमत. हा तळ. जुन्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम चांदी असते, १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात ५.८ ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा. याखाली कुणी मागत असेल तर उठून या.

६. फसवणुकीच्या नेहमीच्या तऱ्हा

रामदरबार किंवा हनुमान छापलेलं, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं 'नाणं' गावोगाव फिरतं. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ते देवदर्शनाचं टोकन आहे. तांदूळ ओढून घेणारं, वीज पडलेलं म्हणून तांब्याचं नाणं खपवणारी टोळी आली तर सरळ पोलिसांना कळवा.

शिवाजी महाराजांचा चेहरा असलेलं 'शिवकालीन' नाणं कुणी दाखवलं तर ते शिवकालीन नाही. शिवराईवर अक्षरं आणि फार तर बारीक चिन्हं असतात, चेहरा नसतो. भारत सरकारने १९९९ मध्ये महाराजांचं चित्र असलेलं दोन रुपयांचं नाणं काढलं, ते आजही सहज मिळतं.

वैष्णोदेवीचं नाणं लाखाला, ७८६ ची नोट पाच लाखाला, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. फोन केला की नोंदणी फी, मग जीएसटी, मग 'आरबीआयचं शुल्क' मागतात. नाणं कुणाला नकोच असतं, तुमचे पैसे हवे असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कसलंही कमिशन घेत नाही. नाणं विकताना पैसे तुम्हाला मिळायचे असतात. तुम्ही द्यायची वेळ आली की तिथेच थांबा. क्यूआर कोड स्कॅन करू नका, ओटीपी सांगू नका.

७. जमिनीत किंवा भिंतीत सापडलं तर

नांगरताना, विहीर खणताना, जुना वाडा पाडताना हंडा निघतो. इथे १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं, जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडलेलं काहीही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे, आणि वाटाही जातो. मूळ मालक पुढे आला नाही आणि आधीचा काही करार नसेल, तर तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश जागेच्या मालकाला, अशी तरतूद आहे. सरकारने निधी ठेवून घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देतं.

अर्जात लिहा: सापडल्याची तारीख, गाव, गट नंबर, जागेचा मालक, काय काय आणि किती. सातबाऱ्याचा उतारा, आधारची प्रत आणि जागच्या जागी काढलेले फोटो जोडा. अर्जाची पोच घ्या.

नाणी वाटून टाकू नका, भांडंही फेकू नका. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र निघाली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता, तोही जवळजवळ दोन-तृतीयांश नाण्यांवर. क्षत्रपांना कुणी हरवलं हे त्या ढिगाने पक्कं केलं. पाच-पाच करून गावात वाटली असती तर हा पुरावा हाती लागलाच नसता.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा नाण्यांचा व्यापार करायला परवाना लागतो.

८. जपायचं कसं

मऊ, वास येणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये पीव्हीसी असतं. काही वर्षांत नाण्यावर चिकट हिरवा लेप येतो. पाकिटं पीव्हीसीमुक्त घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. रबरबँड आणि वर्तमानपत्र नाण्याजवळ नको.

सांगली-मिरजेत संग्रह तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या महापुरानंतर हे वेगळं सांगायला नको. नाणी भिजलीच तर पाकिटातून काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळून सावलीत सुकवा, पुसू नका.

वहीत प्रत्येक नाण्याला एक ओळ: काय, वजन, व्यास, कुठून आलं, कधी, किती दिले. 'कुठून आलं' हा रकाना कधीही मोकळा सोडू नका.

९. विकताना आणि घेताना

आधी चांगली नाणी डोळ्यांखालून घाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दिवसभर नुसतं फिरा, काही घेऊ नका. एकाच प्रकारचं नाणं चार व्यापाऱ्यांकडे विचारलं की बाजारभाव कळतो. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव वेगळे असतात, म्हणून लिलावांचे झालेले निकाल बघायची सवय लावा.

घेताना पावती घ्या, आणि 'नकली निघाल्यास परत' हे तिच्यावर लिहून घ्या. खरा व्यापारी लिहून देतो. विकताना किमान तीन जणांना दाखवा आणि पहिल्याच्या दुकानातून नाणं सोडून येऊ नका, "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" म्हणाले तरी. मोठं नाणं असेल तर लिलावात द्या. तिथे पॅन आणि आधारच्या प्रती लागतात. कमिशन किती, राखीव किंमत किती, न विकल्यास नाणं कधी परत, हे तिन्ही लेखी घेतल्याशिवाय नाणं हातातून सोडू नका, आणि देण्याआधी दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि काट्यावरच्या वजनाचे फोटो काढून ठेवा.